शून्य दशांश चार

गावाचं नाव पोसो आमार्गो, म्हणजे कडू विहीर.
विहीर कधीच बुजली, कडूपणा नळात उतरला,
म्हणून मंगळवारी टँकर येतो
आणि बुधवारी, चार तास बसने,
अंतोफागास्ताहून यास्ना येते,
शाळेतल्या संगणकांवर आम्हाला भाषा शिकवायला.

ह्या भाषेत विनवणी नाही, लाडीगोडी नाही.
कंस उघडला की मिटवायचा.
नाही मिटवला तर लाल अक्षरांत ओरडा.
पहिल्याच दिवशी मला सासूबाई आठवल्या.

वर्गात आम्ही पाच.
तांब्याच्या खाणीत पाठ मोडून आलेले दोघे,
कशालाच न भिणारी एक पोरगी,
शाळेच्या स्वयंपाकघरातली मी,
आणि विलिबाल्दो, वय सत्तर,
माऊस टेबलावरून उचलून हवेत हलवणारा.

फाइल आमच्याच गावची.
आगगाडी होती तेव्हा एर्मोहेनेस तारमास्तर
रोज सकाळी आठला पर्जन्यमापकात वाकून बघायचे
आणि वहीत लिहायचे : शून्य.
एकतीस वर्षं. सुट्टीच्या दिवशीही.
शाई बदलत गेली.

"शून्य आणि रिकामं, गल्लत करू नका," यास्ना म्हणाली.
"शून्य म्हणजे कुणीतरी गेलं, पाहिलं, आणि नव्हतं.
रिकामं म्हणजे कुणी गेलंच नाही."
मी ते उतरवून घेतलं, खाली दोनदा रेघ मारली.
माझ्या नवऱ्याबद्दल तिला
मी काहीच सांगितलं नव्हतं.

मग लूप.
प्रत्येक दिवसापाशी थांब,
पाऊस शून्याहून जास्त असेल तर छाप.
आतली ओळ चार जागा सोडून.
मी तीन सोडल्या. ओरडा.
चार सोडल्या,
आणि अकरा हजार तीनशे बावीस सकाळी
पापणी लवायच्या आत संपल्या.
तारमास्तरांचे गुडघे गेले होते त्यात.

स्क्रीनवर एकच ओळ :
१९६८, ऑगस्ट १४, ०.४

पोरीने टाळ्या वाजवल्या.
यास्नाने आजूबाजूची ठाणी तपासली.
सगळीकडे कोरडं. भुवया जवळ आणून म्हणाली,
"ही नोंद संशयास्पद आहे."

विलिबाल्दोने टोपी काढून मांडीवर ठेवली.
"मी ओतलं," म्हणाला. "चहाचा चमचा. दीड.
बारा वर्षांचा होतो.
सांतियागोहून पत्र आलं होतं :
जिथे पडतच नाही
तिथे मोजायला पगार कशाला?
खिडकीशी उभं राहून ऐकलं मी ते."

"आणि त्यांनी?"

"त्यांनी आभाळ पाहिलं. निळं, खणखणीत.
मग माझ्याकडे पाहिलं.
मग पट्टी घातली नळीत, दोनदा मोजलं,
आणि जेवढं होतं तेवढं लिहिलं.
खोटं एक अक्षर नाही लिहिलं त्यांनी."

खाणवाला म्हणाला, खोडा ती ओळ.
पोरगी म्हणाली, शून्य करा.
मी म्हटलं, रिकामी ठेवा;
पण म्हणतानाच कळलं की तेही खरं नाही,
तो माणूस त्या सकाळी गेला होता.

यास्ना बराच वेळ बोलली नाही.
मग तिने एक खूण दाखवली, दोन उभ्या दोन आडव्या,
पोरं फुली-गोळा खेळायला आखतात तशी.
"हिच्या पुढचं यंत्र वाचत नाही."
"मग लिहायचं कशाला?"
"नंतर जो येईल त्याच्यासाठी."

विलिबाल्दो एका बोटाने लिहीत बसला.
बाहेर बसने दोनदा हॉर्न दिला,
ड्रायव्हर येऊन दारात उभा राहिला, त्यालाही गप्प केलं आम्ही.

# हा पाऊस नव्हता. पाणी माझं होतं, घरच्या पिंपातलं.
# आईला अजून माहीत नाही.

मग त्याने कोड पुन्हा चालवला.
०.४ होतं तिथेच आलं.
एरर काही आली नाही.